मुदत आणि मुहूर्त

वाङ्मयाच्या सर्व प्रकारांत नाट्यलेखकाचें दुःख कांहीं निराळेंच आहे. कवीनें कविता लिहिली आणि चार रसिक मित्रांना ती वाचून दाखविली, कीं तिचें कार्य बव्हंशीं झालें. कादंबरीकाराला प्रकाशकाची वाट पाहावी लागते हें खरें. तथापि प्रकाशक न मिळाला तरी त्याचें हस्तलिखित जो कोणी वाचील त्याला कादंबरीच वाचावयास मिळते. नाटकाची गोष्ट तशी नाहीं. प्रयोग झाल्यावांचून नाटक अपुरेंच राहतें. आणि पटकथेची स्थिति तर नाटकाहूनही कठीण आहे. नाटक निदान छापलें जातें व लोक तें आवडीनें वाचतात. पटकथा ही इमारतीच्या नकाशासारखी असते. इमारत उठली नाहीं तर नुसत्या नकाशाकडे कौतुकानें पाहत बसणारे लोक फार थोडे. यामुळें हौशी पटकथालेखकापुढें ‘लिहावें कसें’ हा प्रश्न जितका बिकट असतो, त्याहून ‘लिहिलेलें पडद्यावर यावें कसें’ हा प्रश्न अधिक बिकट असतो. त्याच्या वह्या पेटींत पडून राहतात, आणि वह्यांबरोबर उमेदही हळूहळू जुनी होत जाते.

गेल्या तीस वर्षांत या अडचणीवर एक चमत्कारिक वाटणारा उपाय पाश्चात्त्य देशांत, व त्यांच्यामागून आपल्याकडेही, रूढ झाला आहे. तो म्हणजे ठराविक मुदतींत लिहून पुरें करण्याच्या स्पर्धा. कोठें एका रात्रींत नाटिका लिहावयाची, कोठें एका महिन्यांत शंभर पानांची पटकथा पुरी करावयाची, तर कोठें अठ्ठेचाळीस तासांत पटकथा लिहून तिचा लघुपटही तयार करावयाचा. प्रथमदर्शनीं हा प्रकार जत्रेंतल्या शर्यतीसारखा वाटतो. आणि सरस्वतीच्या मंदिरांत घड्याळाचें काय काम, असें एखाद्या रसिकानें विचारलें तर त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु नाट्यवाङ्मय आणि स्पर्धा यांचा संबंध फार जुना आहे. त्या संबंधाचा थोडा मागोवा घेऊन मी येथें एवढेंच पाहणार आहें कीं, अशा स्पर्धांमुळें हौशी लेखकाचें लिखाण पडद्यावर येण्यास खरोखर साह्य होतें काय, आणि होत असल्यास तें स्पर्धेच्या कोणत्या अंगामुळें होतें.

नाट्यस्पर्धेचें माहेर अथेन्स. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथें वसंतऋतूंत डायोनिसस देवाच्या उत्सवांत शोकान्त नाटकांची स्पर्धा होत असे. पांचव्या शतकांत तीन कवि, प्रत्येकाचीं तीन शोकान्त नाटकें आणि त्यांच्या जोडीला एक ‘सॅटर’ नाटक, अशी व्यवस्था होती. या स्पर्धेविषयीं बोलतांना आपण सहसा बक्षिसांविषयीं बोलतों. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें बक्षिसापूर्वींची एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्पर्धेंत उतरूं इच्छिणारा कवि आर्कोन नांवाच्या नगराधिकाऱ्याकडे जाऊन ‘कोरस’ मागत असे, आणि ज्याची निवड होई त्याला आर्कोननें ‘कोरस दिला’ असें म्हणत. कोरस मिळणें म्हणजे गाणारा-नाचणारा वृंद, त्याची तालीम, त्याचे पोशाख, आणि या सर्वांचा खर्च उचलणारा ‘कोरेगोस’ नांवाचा एक धनिक नागरिक, हें सारें एकदम पदरांत पडणें होय. प्रयोगाचा दिवसही ठरलेला असे. तो देवाच्या उत्सवाचा दिवस; कवीचा तिसरा अंक अडला म्हणून कांहीं तो पुढें ढकलला जात नसे. ख्रि. पू. ४७२ मध्यें एस्किलसनें पर्शियन लोकांच्या पराभवावरील आपलें नाटक आणलें, तेव्हां त्याचा कोरेगोस विशीच्या आसपासचा पेरिक्लीस होता. म्हणजे पुढें जो अथेन्सचा धुरीण झाला, त्यानें सार्वजनिक जीवनांत पाऊल टाकलें तें एका कवीचा यजमान म्हणून.

या स्पर्धांचे निकाल नेहमींच बरोबर लागले असें नाहीं. ख्रि. पू. ४३१ मध्यें यूरिपिडीसच्या ‘मीडिया’ नाटकाच्या संचाला तिसरा, म्हणजे शेवटचा, क्रमांक मिळाला. पहिला आला तो एस्किलसचा पुत्र यूफोरिअन; आणि त्या वर्षीं त्यानें कोणतीं नाटकें केलीं हेंही आज कोणास ठाऊक नाहीं. उलट ‘मीडिया’ अडीच हजार वर्षांनंतरही रंगभूमीवर उभी आहे. परीक्षकांच्या या निवाड्याला आपण हंसूं. पण त्याच वेळीं हेंही मनांत आणावें कीं, ज्या व्यवस्थेनें तिला शेवटचें स्थान दिलें तिनेंच तिला वृंद दिला, प्रेक्षक दिले आणि दिवस दिला. स्पर्धा नसती तर यूरिपिडीसला प्रयोग करण्याचें दुसरें साधन अथेन्समध्यें फारसें नव्हतें.

घड्याळाच्या उपयोगाबद्दलची शंकाही तितकीच जुनी आहे. अॅरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत नाटकाच्या लांबीचा विचार करितांना म्हटलें आहे कीं, स्पर्धेच्या सोयीनें ठरणारी लांबी हा कलेचा विषय नव्हे. शंभर शोकान्तिका एकाच स्पर्धेंत करावयाच्या झाल्या तर त्या घटिकापात्र लावून कराव्या लागतील. त्याच्या मतें कथेची योग्य लांबी तिच्या आंतूनच ठरते: नायकाचें दैव सुखांतून दुःखांत किंवा दुःखांतून सुखांत पालटण्यास जितका अवकाश लागेल, तितकी ती लांब असावी. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा विचार पुढें करावा लागेल.

आपल्याकडे या विषयाची दुसरी बाजू पाहावयास मिळते. कामसूत्रांत वात्स्यायनानें ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत त्यांत काव्यसमस्यापूरण ही एक आहे. समस्या म्हणजे श्लोकाचा एक चरण, बहुधा विचित्र अथवा वरकरणी निरर्थक. तो दुसऱ्यानें द्यावयाचा आणि उरलेले चरण कवीनें तेथल्या तेथें रचावयाचे. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधां’त कालिदासाच्या नांवावर अशा कित्येक कथा आहेत. भोज आणि कालिदास यांना एका दरबारांत बसविणाऱ्या त्या ग्रंथाला इतिहास म्हणतां येणार नाहीं. पण समस्यापूर्तीची रसिकांना किती गोडी होती हें त्यावरून कळतें. आंध्र आणि कर्नाटक या प्रांतांत अवधानाच्या रूपानें ही परंपरा आजही जिवंत आहे. समस्येचे गुण दोन. एक तर, कवीनें घरून तयार श्लोक आणलेला नाहीं याची सभेला खात्री पटते. दुसरें असें कीं, ‘कशावर लिहूं’ या प्रश्नांतून कवीची सुटका होते. ज्यानें कोऱ्या कागदापुढें बसून तास घालविले आहेत त्याला ही दुसरी गोष्ट लहान वाटणार नाहीं.

अथेन्सनें कवीला प्रयोगाचा दिवस दिला आणि आपल्या पूर्वजांनीं समस्या दिली. आतां चित्रपटाच्या काळाकडे वळूं.

मूकपटांच्या पहिल्या दिवसांत हौशी लेखकाला चित्रपटाचें दार जवळजवळ उघडें होतें. दर आठवड्याला नवनवे छोटे चित्रपट काढणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना कथांची सतत भूक असे. प्रारंभीं त्या छापील कादंबऱ्यांतून खुशाल कथा उचलीत. ‘बेन हर’ या कादंबरीवर कालेम कंपनीनें १९०७ सालीं परवानगी न घेतां चित्रपट काढला. त्यावर खटला होऊन १९११ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कंपनीविरुद्ध निकाल दिला. परवानगीवांचून उचललेली कथा महाग पडते हें एकदां ठरल्यावर स्वतंत्र कथांची मागणी वाढली, आणि टपालानें येणारीं हौशी लेखकांचीं हस्तलिखितें कंपन्या विकत घेऊं लागल्या. कॅलिफोर्नियांत राहणाऱ्या अनिता लूस नांवाच्या तरुणीनें न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीकडे अशीच एक कथा टपालानें पाठविली. कंपनीनें पंचवीस डॉलर दिले; ग्रिफिथनें दिग्दर्शन केलें, मेरी पिकफर्डनें काम केलें, आणि १९१२ सालीं ‘दि न्यूयॉर्क हॅट’ हा लघुपट लोकांपुढें आला. लूसबाई पुढें हॉलिवुडच्या नामांकित लेखिका झाल्या.

परंतु हें दार फार काळ उघडें राहिलें नाहीं. चित्रपट लांबले, त्यांचा खर्च वाढला, कंपन्यांनीं पगारी लेखक ठेवले. शिवाय एक नवीन भीति उत्पन्न झाली. टपालानें आलेलें हस्तलिखित कंपनीनें वाचलें, आणि पुढें तिच्या एखाद्या चित्रपटांत त्याच्याशीं थोडें साम्य आढळलें, तर लेखक चोरीचा दावा लावील! तेव्हां मध्यस्थाच्या हातून न आलेलें हस्तलिखित न उघडतांच परत पाठविणें हा मोठ्या कंपन्यांचा शिरस्ता होऊन बसला. हौशी लेखकाला आतां कोरस देणारा आर्कोन कोणी उरला नाहीं. स्वतः चित्रपट काढावा म्हटलें तर फिल्म महाग, ती धुण्यासाठीं रसायनशाळा हवी, संकलनाचीं यंत्रें हवींत. मध्यमवर्गीय माणसाच्या ऐपतीबाहेरचा हा व्यवहार होता.

ही कोंडी फुटली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९५ च्या सुमारास डिजिटल व्हिडिओ कॅमेरे सामान्य गिऱ्हाइकाच्या आवांक्यांत आले, आणि १९९९ पासून घरच्या संगणकावर संकलन करण्याची साधनें मिळूं लागलीं. चित्रणानंतर रसायनशाळेकडे जाण्याची गरज संपली. सकाळीं टिपलेलें दृश्य सायंकाळीं जोडतां येऊं लागलें. साधनांची सोय अशी झाली, तरी पेटींतल्या वह्या आपोआप बाहेर आल्या नाहींत. साधन हातीं असणें आणि शनिवारीं सकाळीं सात वाजतां आठ माणसें एका घरांत जमणें, यांमध्यें पुष्कळ अंतर असतें. तें अंतर ज्या युक्तीनें तोडलें गेलें तिचा उगम रंगभूमीवर झाला.

१९९५ सालीं न्यूयॉर्कमध्यें टीना फॅलन या बाईंनीं ‘चोवीस तासांचीं नाटकें’ हा उपक्रम सुरू केला. रात्रीं लेखक, नट आणि दिग्दर्शक एकत्र जमतात; प्रत्येक जण एखादी वस्तु, एखादा पोशाख बरोबर आणतो. लेखक रात्रभर बसून छोट्या नाटिका लिहितात, सकाळीं तालमी सुरू होतात आणि त्याच सायंकाळीं प्रेक्षकांपुढें प्रयोग होतो. चित्रपटाच्या क्षेत्रांत हीच कल्पना २००१ सालीं वॉशिंग्टन शहरांत मार्क रूपर्ट आणि लिझ लँगस्टन यांनीं आणली. त्यांच्या ‘अठ्ठेचाळीस तासांच्या चित्रपट-स्पर्धे’चे नियम मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखे आहेत. शुक्रवारीं सायंकाळीं सर्व चमू एकत्र येतात. प्रत्येक चमू चिठ्ठी काढतो. चिठ्ठींत चित्रपटाचा प्रकार निघतो: रहस्यकथा, प्रहसन, भुताची गोष्ट, जें नशिबीं असेल तें. त्याशिवाय एक पात्र, एक वस्तु आणि संवादाचें एक वाक्य अशा तीन गोष्टी सर्वांना सारख्याच दिल्या जातात व त्या चित्रपटांत आल्याच पाहिजेत. रविवारीं सायंकाळीं चार ते सात मिनिटांचा पुरा झालेला चित्रपट हातांत द्यावयाचा. उशीर झाला तर बक्षिसाला मुकावें लागतें. माणसें, साधनें आणि जागा आधीं ठरविण्यास मुभा आहे; लेखन, चित्रण व संकलन मात्र त्या दोन दिवसांतच झालें पाहिजे. मग थोड्याच दिवसांत शहरांतील एखाद्या चित्रपटगृहांत ते सारे लघुपट दाखविले जातात. वॉशिंग्टनमधून ही स्पर्धा जगांतील अनेक शहरांत पसरली. मुंबईंतही ती भरली.

दिलेलें वाक्य आणि दिलेली वस्तु ही आपली समस्याच नव्हे काय? आणि चित्रपटगृहाची ठरलेली तारीख हा डायोनिससच्या उत्सवाचा दिवस होय. या नियमांचा लेखकावर काय परिणाम होतो तें पाहूं. पटकथेचें एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारें एक मिनिट, असा या धंद्यांतील ठोकताळा आहे. तेव्हां लेखकाला शुक्रवारच्या रात्रींत पांचसहा पानें लिहावयाचीं असतात. तो लिहावयास बसतो तेव्हां कोणते नट येणार, कोणाचें घर मिळणार, कॅमेरा कोणाचा, हें त्याला ठाऊक असतें. अशा वेळीं राजवाडा, पूर, दोनशें माणसांची मिरवणूक हीं त्याच्या लेखणींतून उतरतच नाहींत. अवचित पाहुणे दारीं आले असतां सुगृहिणी बाजाराकडे धांवत नाहीं. कोठींत काय आहे तें पाहून त्यांतच चार पदार्थ करिते. पेटींतल्या बहुतेक पटकथा पडद्यावर येत नाहींत त्याचें एक कारण हेंच कीं, त्या लिहितांना कोठीचा विचार झालेला नसतो. मुदतीच्या स्पर्धेंत लेखक प्रथमच असें कांहीं लिहितो कीं जें उद्यां सकाळीं प्रत्यक्ष करतां येईल.

मुदत आणि प्रयोगाची तारीख या दोहोंतील फरक स्पष्ट करणारें उदाहरण त्याच देशांत घडलें. १९९९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत ख्रिस बेटी आणि त्याचे मित्र अशा एकवीस जणांनीं एका महिन्यांत कादंबरी लिहिण्याचा खेळ आरंभिला. त्यांतून पुढें मोठी संस्था झाली. त्या संस्थेनें २००७ सालीं ‘स्क्रिप्ट फ्रेन्झी’ नांवाचा नाट्यलेखनाचा उपक्रम काढला. पहिल्या वर्षीं जूनमध्यें वीस हजार शब्द, आणि पुढच्या वर्षापासून एप्रिल महिन्याच्या तीस दिवसांत शंभर पानें, असें त्याचें मान होतें. परीक्षक नाहींत, बक्षीस नाहीं. शंभर पानें भरलीं कीं जिंकलें. जे कधींच शेवटच्या पानापर्यंत पोंचले नव्हते अशांना त्यानें शेवटाचें दर्शन घडविलें, हा उपकार लहान नाहीं. पण शंभर पानांची पटकथा म्हणजे शंभर मिनिटांचा चित्रपट. एक मेच्या सकाळीं तो लेखक पुन्हां १९२० सालच्या हौशी लेखकाच्याच जागीं उभा राही: हातांत हस्तलिखित, समोर बंद दार. २०१२ नंतर हा उपक्रम बंद झाला. २०२५ सालीं मूळ संस्थेनेंही आपलें काम थांबविल्याचें जाहीर केलें. त्यांच्याकडे मुदत होती, परंतु मुहूर्त नव्हता. चित्रपटाच्या धंद्यांत चित्रणाच्या आरंभाला आपण मुहूर्त म्हणतों तो शब्द फार समर्पक आहे. मुहूर्त एकट्याचा नसतो. त्याला माणसें बोलवावीं लागतात, आणि माणसें आलीं कीं मागें फिरतां येत नाहीं.

या दोन टोकांच्या मधला एक मार्गही आहे. ‘एन. वाय. सी. मिडनाइट’ या न्यूयॉर्कच्या संस्थेच्या लघुपटकथा-स्पर्धेंत लेखकाला प्रकार, स्थळ व वस्तु नेमून देतात.  येथें स्पर्धा लेखनापुरतीच असते, चित्रपट काढणें तिच्या कक्षेंत येत नाहीं. तरी हातीं राहतें तें पांचदहा पानांचें लिखाण. आणि तें चार मित्रांना जमवून रविवारच्या एका दिवसांत चित्रित करण्याजोगें असतें. त्याला मुहूर्त मिळण्याची शक्यता शंभर पानांपेक्षां कितीतरी अधिक.

आतां अॅरिस्टॉटलच्या आक्षेपाकडे वळलें पाहिजे. घाईनें लिहिलेली कथा उथळ होणार, ही भीति निराधार नाहीं. रात्रींतून सुचणारी कल्पना बहुधा कोणाला तरी पूर्वीं सुचलेलीच असते. शेवटीं एखादा धक्का देऊन कथा संपविण्याची संवय अशा स्पर्धांतून लागते. विनोद सोपा वाटतो म्हणून सारेच विनोदाकडे वळतात. आवाज नीट घेतलेला नसतो. आणि पुनर्लेखन, जें वाङ्मयाचें अर्धें तप आहे, त्याला तर अवसरच नसतो. घाईंतही चांगली कृति होते याचा दाखला म्हणून रॉजर कॉर्मनच्या १९६० सालच्या ‘दि लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या चित्रपटाचें नांव घेतात. उभ्या असलेल्या जुन्या नेपथ्यावर त्याचें मुख्य चित्रण दोन दिवसांत उरकलें, आणि त्या कथेवरून १९८२ सालीं संगीत नाटकही निघालें. परंतु कॉर्मन आणि त्याचा लेखक चार्ल्स ग्रिफिथ हे मुरलेले धंदेवाईक होते. त्यांच्या दोन दिवसांमागें कित्येक वर्षांचा हात होता. नवशिक्याच्या दोन दिवसांमागें तो नसतो. म्हणून हा दाखला येथें फारसा उपयोगी पडत नाहीं.

मला या आक्षेपाचें उत्तर दुसरीकडे दिसतें. पेटींत वही ठेवणारा लेखक पुनर्लेखन करितो हें खरें. पण तें कशाच्या आधारें? त्याचें वाक्य नटाच्या तोंडून त्यानें कधीं ऐकलेलें नसतें. जें वाक्य कागदावर गंभीर वाटलें त्याला प्रेक्षक हंसतात, आणि जेथें त्यांनीं हंसावें म्हणून आपण झटलों तेथें ते जांभया देतात, हा धडा अंधाऱ्या प्रेक्षागृहांतल्या मागच्या खुर्चीवर बसल्यावांचून मिळत नाहीं. सात मिनिटांचा वाईट लघुपट तीन चित्रगृहांतल्या टीकेपेक्षां लेखकाला अधिक शिकवितो, आणि तो शिकवितो तें अॅरिस्टॉटलनें सांगितलेलेंच असतें. सात मिनिटांत दैवाचे दोन पालट बसत नाहींत; एकच बसतो, आणि तोही त्याची तयारी पहिल्या मिनिटांत झाली असेल तरच. कथेची लांबी आंतून ठरते हें ज्याला ग्रंथांतून पटलें नव्हतें त्याला संकलनाच्या मेजावर रविवारीं दुपारीं चार वाजतां तें पटतें. अर्थात् एवढ्यावर थांबणारा लेखक घाईचाच गुलाम होईल. पहिल्या मुहूर्तानें जें दाखविलें तें घेऊन पुढची कथा सावकाश लिहिली पाहिजे. स्पर्धा ही शाळेंतील पहिली इयत्ता आहे, पदवी नव्हे.

या विषयांत महाराष्ट्रानें कोणाकडून उसनें घेण्याची गरज नाहीं. १९५४ सालीं मुंबई राज्याच्या सरकारनें राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली. १९६३ सालीं पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनें महाविद्यालयांसाठीं पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका-स्पर्धा सुरू केली. पुढें नाटक-चित्रपटांत नांव मिळविलेले कित्येक कलावंत या स्पर्धांच्या रंगमंचावर प्रथम उभे राहिले. महाविद्यालयांत वावरणाऱ्या कोणालाही हें ठाऊक आहे कीं, करंडकाची तारीख जवळ आली कीं एकांकिकेचा शोध सुरू होतो; हवी तशी मिळत नाहीं; मग कोणीतरी विद्यार्थी स्वतःच लिहावयास बसतो, आणि तालीम सुरू झाल्यावर शेवट लिहितो. तो कदाचित् एरवीं कधींच लेखक झाला नसता. येथें घटिकापात्र लावून कोणी बसलेलें नसतें, तरी तारीख आणि वाट पाहणारे सोबती हे दोन्ही असतात. २०११ सालीं अहमदाबादेंत ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ नांवाने पन्नास तासांत लघुपट काढण्याची स्पर्धा सुरू झाली. एकांकिकांच्या तालमींत तयार झालेल्या आपल्या मुलांना तिची रीति नवखी वाटण्याचें कारण नाहीं.

आणि लघुपटाच्या सामर्थ्याबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनीं दादासाहेब फाळक्यांचें स्मरण करावें. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन ते परत आले तेव्हां त्यांच्या चित्रपटाला भांडवल देण्यास कोणी सहजासहजीं तयार नव्हतें. फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, त्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली, आणि ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट करून तो दाखविला. दाण्याचें रोप डोळ्यांदेखत वाढलेलें पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढच्याच वर्षीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यांच्यापुढें कोणती स्पर्धा नव्हती. परंतु कागदावरच्या कितीही सुंदर योजनेपेक्षां पडद्यावरची एक लहानशी पुरी झालेली वस्तु लोकांचें मन वळविते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

म्हणून ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी पटकथा लिहीत असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना एक सुचवावेंसें वाटतें. ‘लवकर पुरी कर’ असें त्यांना सांगूं नये. नुसत्या मुदतीनें वह्या भरतात, इतकेंच. त्यापेक्षां दिवाणखाना एका रविवारापुरता मोकळा करून द्यावा, दोन शेजाऱ्यांना पात्रें म्हणून उभे राहावयास सांगावें, आणि पुढच्या रविवारीं सायंकाळीं तें चित्र पाहावयास दहा माणसांना चहाला बोलवावें. अथेन्सचा आर्कोन याहून फार मोठें असें कांहीं करीत नव्हता. बोलावलेलीं माणसें येणार हें एकदां ठरलें, कीं तिसऱ्या पानावर अडलेल्या कथेला चौथें पान सांपडतें.